पानांचा घड

वंदना वारकेकडे महालक्ष्म्या बसल्या होत्या. उज्ज्वला नेहेते कामावरून परस्पर तिच्याकडे दर्शनाला गेली. हळदीकुंकू झालं, ओटी भरून झाली, आणि वाकून नमस्कार करता करता तिची नजर मखराच्या डाव्या बाजूला गेली ती तिथेच अडकली.

मखराला दोन्ही अंगांनी केळीचे खांब बांधलेले होते. त्यात नवल काही नव्हतं. तापीकाठच्या त्या पट्ट्यात केळीच्या खांबाशिवाय मखर शोधूनही सापडलं नसतं. पण डाव्या खांबाला घड होता. दीड हात लांब, फणीखाली फणी नीट उतरत आलेला. फक्त त्या फण्यांना केळी नव्हती. केळ्यांच्या जागी बोट-बोट लांबीची पानं होती. अरुंद, जाड, कडेनं आत वळलेली आणि चांदीचा वर्ख लावावा तशी पांढरट.

"छान दिसतो ना?" वंदना कौतुकानं म्हणाली. "सगळ्या बायका विचारून राहिल्या, असा घड आणला कुठून. मी सांगितलं, आमच्या उज्ज्वलाताईनं संक्रांतीला वाण दिलं होतं, त्याचा आहे."

"हळू बोल व."

"आता इथं कोण ऐकतं? ह्या दोघी? ह्या काय कंपनीत जाऊन सरोदे साहेबाला सांगतात?"

उज्ज्वला हसली नाही. तिनं हात पुढे करून त्यातलं एक पान चिमटीत धरलं आणि आंगठ्यानं दाबलं. आत पोकळ होतं. गराचा मागमूस नव्हता. बोटांवर पांढरी भुकटी तेवढी उतरली.

"कधी निसवला हा?"

"राखीच्या आगेमागे. मला वाटलं, पोसला की भरेल. महिना झाला, जसाच्या तसा. मग म्हटलं, देवीच्या तरी कामी येईल." वंदनानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "ताई, काय झालं? तोंड का असं केलं?"

"काही नाही. घरी जाते."

"अगं, प्रसाद तर घे!"

उज्ज्वला दारातून परत फिरली, प्रसाद घेतला, आणि तो पदराला बांधायचंही भान न राहून मुठीत धरूनच चालू लागली.

तिच्या स्वतःच्या अंगणातही त्याच वाणाची एक केळ होती, मोरीच्या पाण्याला लावलेली. चार दिवसांपूर्वीच निसवली होती. जांभळं केळफूल खाली झुकलेलं, वरची पहिली पाकळी जराशी उचललेली. उज्ज्वलानं स्टूल आणलं, वर चढली आणि पाकळी हळूच वर केली. पाकळीखाली कोवळी, टोकाला पिवळी फुलं असलेली बोटं दिसायला हवी होती. तिथे पानं होती. नखाएवढी, चंदेरी, एकमेकांना चिकटलेली.

ती स्टुलावरून उतरली, आणि पुन्हा चढून दुसरी पाकळी उचलून पाहिली.

केळीला बी नसतं. एका झाडापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं, सगळी एकाच झाडाची नक्कल. प्रयोगशाळेत ही नक्कल फार वेगानं करता येते. कोंबाच्या टोकाचा वाटाण्याएवढा तुकडा बाटलीत ठेवतात, त्याला साखर आणि वाढीची द्रव्यं देतात. त्याला फुटवे फुटतात. ते कापून नव्या बाटल्यांत. महिन्याभरानं पुन्हा तेच. एका कापणीला एक फेरी म्हणतात. आठ फेऱ्यांत एका तुकड्याची हजारो रोपं होतात. पण फेऱ्या वाढत जातात तशा चुकाही वाढतात. कुठे रोप बुटकं निघतं, कुठे पानावर फिकट डाग, कुठे पान सुरीसारखं अरुंद. अशी वेगळी निघालेली रोपं ओळखून बाजूला काढायची आणि चुन्याच्या खड्ड्यात टाकायची, हे उज्ज्वलाचं काम. कंपनीच्या रोपवाटिकेत हिरव्या जाळीखालच्या शेडमध्ये ती बावीस वर्षं हेच करत होती. पूर्वी रोपं निवडायच्या टेबलांवर साठ बायका होत्या. मग सरकता पट्टा आला, पट्ट्यावर कमान आली, कमानीत कॅमेरे आले. बायका त्याला 'डोळा' म्हणत. डोळा सेकंदाला चार रोपं पाहायचा. आता टेबलावर अकराजणी उरल्या होत्या, आणि उज्ज्वला त्यांची प्रमुख.

तीन वर्षांपूर्वी तिच्या हाताला एक रोप लागलं. पान अरुंद आणि त्यावर एवढं मेण की पाण्याचा थेंब ठरेना, पाऱ्यासारखा घरंगळून जाई. नियमाप्रमाणे ते खड्ड्यात जायचं. तिनं ते ईश्वरीला नेऊन दाखवलं. ईश्वरी म्हणजे डॉक्टर ईश्वरी फिरके, कंपनीच्या प्रयोगशाळेची प्रमुख आणि उज्ज्वलाच्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी सुट्टीत शेडमध्ये येऊन बसायची आणि खड्ड्यात जाणाऱ्या रोपांना नावं द्यायची.

त्या रोपाचं 'रुपेरी' झालं. पाऊस बेभरवशाचा झाल्यापासून केळीवर करपा इतका माजला होता की शेतकरी वर्षात पंचवीस-तीस फवारण्या करून थकले होते. करप्याचे बीजाणू पानावर पडतात, पण रुजायला त्यांना पाण्याचा पातळ थर लागतो. रुपेरीच्या पानावर पाणीच थांबत नव्हतं. बीजाणू कोरडे पडून वाऱ्यानं उडून जात. दोन हंगाम चाचणी झाली. एका पानावर एक डाग नाही, आणि घड सुरेख. देशभरातून मागणी आली. चाळीस लाख रोपं कांदेबागेच्या, म्हणजे केळीच्या हिवाळ्याआधीच्या लागवडीसाठी ऑक्टोबरच्या आत द्यायची होती. पहिले ट्रक येत्या सोमवारी निघणार होते.

आणि वाण. शेडमधल्या बायकांची ती जुनी रीत होती. जिवंत रोप चुन्यात टाकताना कुणाचाच हात सहज पुढे होत नसे. म्हणून वर्षातून एकदा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, त्या खड्ड्यात जाणारी थोडी रोपं वाचवून वाण म्हणून लुटत. फाटकावरचा माणूस तेवढे दिवस दुसरीकडे बघे. रुपेरी आल्यावर कंपनीनं सगळ्यांकडून लिहून घेतलं की एकही रोप आवाराबाहेर जाणार नाही, गेलं तर नोकरी जाईल आणि खटलाही होईल. बायकांनी सह्या केल्या. आणि जानेवारीत, डोळ्यानं केवळ उंचीत कमी म्हणून बाजूला काढलेली एकतीस रोपं हळदीकुंकवाच्या पुड्यांसकट घरोघर दिली. आपण काही चोरतोय असं एकीच्याही मनात आलं नाही. संक्रांत होती.

कंपनीनं या नव्या रोपांचा स्वतःचा प्लॉट जूनमध्ये लावला होता. तो निसवायला फेब्रुवारी उजाडणार. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या या एकतीस केळी त्याच्या पाच महिने पुढे होत्या. पुढे काय होणार, हे आज फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून उज्ज्वलाचा पाय घरात ठरेना. कामावरून सुटली की ती एकेक घर गाठायची. कुंकू लावून घ्यायची, अर्धा कप चहा प्यायची आणि "जरा मागं जाऊन येते" म्हणून परसात शिरायची.

"ताई, तू जनगणना करून राहिली का?" मुमताज तडवीनं विचारलं. तीही वंदनासारखी टेबलावरचीच. "माझं रोप बकरीनं खाल्लं. लिहून घे. बकरी, वय वर्षं दोन, धंदा नाही."

"पाला खाऊन बकरीला काही झालं?"

"तिला काय होतं? माझ्या ओढण्या खाऊन जगली ती." मुमताज हसायची थांबली. "का? विष आहे का त्याच्यात?"

"विष नाही. त्याला केळीच लागत नाहीत."

मुमताज कट्ट्यावर बसली. तिच्या भावाचं नाव रुपेरीच्या यादीत होतं, पाच हजार रोपांसाठी. मग म्हणाली, "तू सांगणार?"

"काय सांगू? कुठं बघितलं म्हणून विचारतील. रोपांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या अजून बुंध्यांशी मातीत आहेत. पट्टीवर टेबलावरच्या बाईचा नंबर असतो. तुझा, वंदनाचा, सगळ्यांचा."

"मग पट्ट्या फेकून दे."

"आणि पुरावा?"

"तेही खरं." मुमताजनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "माझा नंबर सांगशील तर आधी मला सांग. नवऱ्याला माझ्याकडूनच कळलं पाहिजे."

चार दिवसांत तीस घरं झाली. पाच रोपं वाळली होती, दोन बकऱ्यांनी खाल्ली होती, पाच अजून निसवायची होती. अठरा निसवली होती. त्यातल्या पाचांना खरे घड होते. तेरांना पानं. कुणी नजर लागली म्हणून झाडाला काळी बाहुली बांधली होती. एका सासूनं सुनेला दोष दिला होता. उज्ज्वला पट्ट्या काढून घेत गेली. पिशवीत त्या एकमेकींवर घासून वाजायच्या, आणि टेबलावर काम करतानाही तो आवाज तिच्या कानात असायचा. समोर पट्ट्यावरून रुपेरीची रोपं जात होती, हजारांनी, एकसारखी चमकदार. डोळा त्यांच्यावर हिरवा ठिपका टाकत होता. उत्तम. उत्तम. उत्तम.

एकतिसावं घर शैलाताईचं होतं, ईश्वरीच्या आईचं. उज्ज्वलानं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

"ये गं. आज वाट चुकलीस?" शैलाताई भाजी निवडत बसली होती. "ईश्वरी नाही घरी. हल्ली जेवायलाही धड नसते. आली तरी ताटावरून मध्येच उठते."

"मी तुझ्याकडेच आले. संक्रांतीची केळ कशी आहे?"

"ती? ती गेली की." शैलाताईनं मेथीची काडी मोडली. "ईश्वरीनंच कापली. श्रावण संपता संपता. सकाळी उठून पाहते तर ही कोयता घेऊन अंगणात. मी म्हटलं, अगं, निसवलेली केळ अशी कापतात का? तर म्हणाली, करपा पडलाय, बाकी झाडांना लागेल."

उज्ज्वला उभी होती ती तशीच उभी राहिली.

"करपा? तिनं म्हटलं, करपा?"

"हो. का गं?"

"सहज." उज्ज्वला मागे गेली. मोरीजवळ बुंधा शिल्लक होता, वीतभर, वाळून काळा पडलेला. तिनं बाजूची माती उकरली. पट्टी तिथेच होती, उज्ज्वलाच्याच नंबरची.

रुपेरीवर करपा पडत नाही. जगात ही गोष्ट जिनं सिद्ध केली, तिनं आईला सांगितलं होतं की करपा पडला.

शनिवारी शेड लवकर सुटते. बायका गेल्या, पट्टा थांबला, तरी उज्ज्वला टेबलाशी बसून होती. ईश्वरी सोमवारची रोपं पाहायला येणार हे तिला माहीत होतं. ती आली, हातात टॅब्लेट, डोळ्यांखाली काळं. मावशीला पाहून थबकली.

"अजून घरी नाही गेलीस?"

उज्ज्वलानं पिशवी टेबलावर पालथी केली. तीस पट्ट्या पसरल्या. एकतिसावी तिनं वेगळी ठेवली, मातीसकट.

ईश्वरीनं ती उचलली नाही. नुसती पाहत राहिली. "आईकडे गेली होतीस," ती म्हणाली.

"सगळीकडे गेले होते. अठरा निसवल्या. तेरांना पानं."

"तेरा?" ईश्वरीचा आवाज चिरकला. ती स्टूल ओढून खाली बसली. "मला वाटलं, एकच. एक झाड, मावशी. साबणाचं पाणी, राख, आई काय काय ओतते त्यात. त्याच्यावरून मी चाळीस लाख रोपं थांबवायची?"

"म्हणून कापलीस."

"म्हणून नाही कापली. रोज सकाळी ब्रश करताना समोर दिसायची म्हणून कापली."

बाहेर कुणीतरी ट्रकची मागची फळी पाडली. दोघी दचकल्या.

"असं का होतं, ते तरी सांग," उज्ज्वला म्हणाली. "मला कळेल असं."

ईश्वरीनं एक पट्टी उचलली आणि बोलताना ती टेबलावर आपटत राहिली. "झाडाच्या प्रत्येक पेशीत एकच पोथी असते. मुळाच्या पेशीत तीच, पानाच्या पेशीत तीच. पण मुळानं पोथीतली झाडाच्या पानांविषयीची पानं वाचायची नसतात, म्हणून ती बंद करून ठेवलेली असतात. त्यांना बारीक रासायनिक टाके घातलेले असतात. बाटलीत फार दिवस राहिलं की हे टाके उसवायला लागतात. रुपेरीत पोथीतलं अक्षर एकही बदललेलं नाही. पानाची कातडी घडवणाऱ्या भागाचे थोडे टाके उसवलेत, एवढंच. तो भाग जास्त वाचला जातो, म्हणून मेण जास्त आणि पान अरुंद. पण घड यायची वेळ आली की तो भाग पूर्ण मिटायला हवा. चाचणीतली झाडं आठ फेऱ्यांची होती. त्यांच्यात पुरेसे टाके शिल्लक होते. भाग मिटला, केळी लागली."

"आणि संक्रांतीची?"

"बाराव्या फेरीची."

"आणि ही?" उज्ज्वलानं पट्ट्यावरच्या रोपांकडे हात केला.

ईश्वरी पट्टी आपटायची थांबली. "सोळाव्या. एवढी मागणी आठ फेऱ्यांत भागत नव्हती. सरोदे साहेबांनी विचारलं, चालेल का? मी सही केली."

उज्ज्वलानं त्यातलं जवळचं एक रोप उचललं आणि पान आंगठ्यानं चोळलं. बोट पांढरं झालं. "डोळा सगळ्यात चमकदार रोप उत्तम म्हणून निवडतो."

"हो."

"म्हणजे ज्याचे टाके जास्त उसवले, तेच."

"हो, मावशी. आपण वर्षभर वांझ झाडं निवडून काढतोय. आणि धडधाकट खड्ड्यात." ईश्वरीनं दोन्ही तळहातांनी डोळे दाबले. "कापायच्या आधी मी त्या झाडाचं पान पुण्याला तपासायला पाठवलं होतं. निकाल येऊन आठ दिवस झाले. मी तो उघडला नाही."

"झाड कापलंस, तेव्हाच तुला निकाल कळला होता."

ईश्वरीनं टॅब्लेट पालथा ठेवला. मग घाईघाईनं बोलू लागली, कॉलेजात असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी बोलायची तशी. "ऐक, रोपं जाऊ देत. फेब्रुवारीत आपल्या प्लॉटमध्ये दिसेलच, तेव्हा जाहीर करू. कुणाचं नाव येणार नाही. तुझं नाही, बायकांचं नाही. आत्ता थांबवायचं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण म्हणजे ह्या पट्ट्या. अकराजणी रस्त्यावर येतील. खटला होईल. तुला चालेल?"

"आणि ज्यांनी लावली त्यांचं वर्ष?"

"त्यांना भरपाई…"

"मुमताजचा भाऊ पाच हजार लावणार आहे. आठ महिने पाणी देईल. मग एक दिवस पाकळी उचलून बघेल." उज्ज्वला उठली. "मी बघितलंय ते. स्टुलावरून उतरून परत चढले होते मी, ईशू. चूक झाली असेल म्हणून."

तिनं भिंतीवरचं कपाट उघडलं. खालच्या खणात, जुन्या हातमोज्यांच्या ढिगाखाली, लाल कार्डांचा गठ्ठा होता. केळीवर हरण्या रोगाची साथ आली होती तेव्हाचा तो नियम. टेबलप्रमुखाला शंका आली आणि तिनं लाल कार्ड भरलं की शेडमधून सात दिवस एकही रोप बाहेर जात नाही, नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात. खाली दोन सह्या लागतात, टेबलप्रमुखाची आणि प्रयोगशाळाप्रमुखाची. डोळा आल्यापासून कुणी लाल कार्ड भरलं नव्हतं. नियम रद्द करायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

तिनं पेन घेतलं. ती सावकाश लिहीत गेली. वाण: रुपेरी. लक्षण: घडात केळ्यांऐवजी पानं. पुढचा रकाना होता, कोठे आढळले. तिथे पेन थांबलं. मग तिनं लिहिलं, माझ्या घरी, अंगणात. त्याच्यापुढे झाडांची संख्या. तिनं टेबलावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. वंदना. मुमताज. बाकीच्या. तिनं त्यातली स्वतःच्या अंगणातली तेवढी उचलली, कार्डाला टाचली आणि संख्येच्या रकान्यात आकडा घातला. एक.

बाकीच्या पट्ट्या तिनं पुन्हा पिशवीत भरल्या. मातीची पट्टी टेबलावरच राहू दिली. सही केली, कार्ड फिरवून ईश्वरीसमोर सरकवलं.

"बावीस वर्षं," ईश्वरी म्हणाली. "आणि शेवटी चोर म्हणून जाशील."

"जाईन."

"माझी सही नसेल तर हा नुसता कागद आहे."

"तेही माहीत आहे."

ईश्वरीनं कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. उठून जाळीपर्यंत गेली, तिथून पट्ट्यावरच्या रोपांच्या रांगेकडे पाहिलं, परत आली. लहानपणी खड्ड्याच्या काठावर उभी राहायची तशी ती क्षणभर कार्डाकडे बघत उभी राहिली. मग तिनं मावशीच्या हातातलं पेन ओढून घेतलं.

सही तिनं नंतर केली. आधी संख्येच्या रकान्यातल्या एकवर काट मारली, शेजारी दोन लिहिलं, आणि मातीनं माखलेली ती पट्टी उचलून, न पुसता, पहिलीच्या शेजारी टाचली.